न्यू मेक्सिकोतला एल्क आणि विकाऊ टॅग

उत्तर न्यू मेक्सिकोत, सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या कुशीत, दोन मोठ्या जमिनी एकमेकींना लागून आहेत. एकीचं नाव वर्मेहो पार्क, दुसरीचं वाये विदाल. दोन्ही एकेकाळी मॅक्सवेल लँड ग्रँट नावाच्या एकाच अवाढव्य इनामात मोडत होत्या. वर्मेहो 1996 मध्ये सीएनएन वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांनी विकत घेतलं. त्याचा पसारा साडेपाच लाख एकरांहून मोठा आहे. वाये विदाल ही सुमारे एक लाख एकरांची जमीन पेन्झॉइल या तेल कंपनीने 1982 मध्ये केंद्र सरकारच्या वनखात्याला दान केली. मधे हद्द आहे, पण ती माणसांपुरती. एल्कचे कळप वाटेल तेव्हा इकडून तिकडे जातात.

वाये विदालमध्ये नर एल्क मारायचा असेल तर राज्याच्या सोडतीत नाव लागावं लागतं, आणि एकदा लागलं की पुन्हा जन्मात तिथल्या नरासाठी अर्ज करता येत नाही. वर्मेहोतल्या शिकारीला नशिबाची गरज नाही. पाच आकडी डॉलर मोजायची तयारी असली की झालं.

कायद्याने दोन्हीकडचा एल्क सारखाच जनतेचा आहे. न्यू मेक्सिकोत कोणताही रँचमालक आपल्या कुरणात चरणाऱ्या एल्कवर मालकी सांगू शकत नाही. तरीही त्या एल्कला मारण्याची मुभा देणारा कागद, ज्याला सरसकट ‘टॅग’ म्हणतात, तो विकू शकतो, आणि दरवर्षी हजारो असे कागद विकले जातात. त्यांची किंमत काय, ती कोण भरतं आणि ती न्याय्य आहे का, यावर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे. ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

ज्या लोकांनी अमेरिकेत वसाहती केल्या त्यांच्या मनात इंग्लंडचे शिकारीचे कायदे ताजे होते. 1671 च्या कायद्याने तिथे शिकारीचा हक्क जमीनदारांपुरता ठेवला होता. वर्षाला किमान 100 पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन नसेल, तर साधा तितर किंवा ससा मारणंही गुन्हा. शेतकऱ्याच्या पिकात शिरलेला ससाही त्याने मारायचा नाही, कारण ससा साहेबाचा. 1723 च्या ब्लॅक अॅक्टने तर तोंड काळं करून हरीण मारायला निघालेल्यांना फाशीची तरतूद केली. जमिनीची अट तर 1831 पर्यंत टिकली. म्हणूनच 1776 मध्ये पेनसिल्व्हेनियाने आपली राज्यघटना लिहिली तेव्हा तिच्यात एक कलम मुद्दाम घातलं गेलं: रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवरही, हंगामात शिकार करता येईल. पुढच्याच वर्षी व्हरमाँटने तेच केलं. शिकार ही इस्टेटवाल्यांची मिरास नाही, हे नव्या देशाला घटनेत लिहून ठेवावंसं वाटलं.

पण मोकळीक दिली की प्राणी टिकतात असं नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, शहरांतल्या हॉटेलांना मांस हवं होतं, आणि बाजारासाठी शिकार करणाऱ्यांना कोणी अडवणारं नव्हतं. एल्कचं दुर्दैव त्याच्या दातांतही होतं. त्याच्या वरच्या जबड्यातले दोन सुळे हस्तिदंतासारखे असतात, आणि ‘एल्क्स’ नावाच्या एका मोठ्या बंधुमंडळाचे सभासद ते घड्याळाच्या साखळीला लटकवून मिरवत. त्या दोन दातांसाठी अख्खा प्राणी मारून टाकून दिला जाई. न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनातली एल्कची स्थानिक उपजात, मेरियम्स एल्क, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली. ती कायमची गेली.

ज्यांनी एल्क पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर हा काश्मीरच्या हंगुलाचा मोठा भाऊबंद आहे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. सप्टेंबरात माजावर आलेला नर ओरडतो तेव्हा एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून शिट्टीसारखा उंच सूर निघतो, आणि तो ऐकायलाच लोक डोंगरात जातात.

आज न्यू मेक्सिकोत साधारण 70 ते 90 हजार एल्क आहेत. हे सगळे बाहेरून आणलेल्या कळपांचे वंशज. 1910 नंतर यलोस्टोन आणि इतर ठिकाणांहून एल्क आणून सोडायला सुरुवात झाली, आणि सुरुवातीचे काही कळप खासगी रँचवर उतरले. वर्मेहो त्यातलंच एक. तेव्हा ते शिकागोचे धान्यव्यापारी विल्यम बार्टलेट यांच्या मालकीचं होतं. रँचमालक आजही ही गोष्ट आवर्जून सांगतात: सरकारकडे काही नव्हतं तेव्हा आमच्या कुरणात एल्क वाढले. यात तथ्य आहे, आणि ते नाकारून न्यायाचा हिशेब मांडता येणार नाही. मात्र एल्क वाढले ते केवळ त्या कुरणांमुळे नाही. शिकारीवर बंदी आली, 1900 च्या लेसी अॅक्टने चोरट्या शिकारीच्या मालाची राज्याबाहेर वाहतूक गुन्हा ठरवली, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. तो पैसा कारखान्यातल्या कामगाराने विकत घेतलेल्या काडतुसांच्या पेटीतूनही आला. सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये, गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात, वन्य प्राणी राज्याच्या ताब्यात असतात ते जनतेच्या वतीने, असं सांगितलं. त्या निकालातली मालकीची भाषा 1979 मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतली, पण राज्य हे विश्वस्त आहे ही कल्पना पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांच्या मनात घट्ट बसली आहे.

याच न्यू मेक्सिकोत एका माणसाचं मत जसं बदलत गेलं, त्यात या सगळ्या वादाचं बीज सापडतं.

आल्डो लिओपोल्ड 1909 मध्ये वनखात्याचे तरुण कर्मचारी म्हणून नैऋत्येत आले. पुढे ते उत्तर न्यू मेक्सिकोतल्या कार्सन राष्ट्रीय वनाचे प्रमुख झाले. 1912 मध्ये त्यांनी सांता फे इथल्या एस्टेला बर्जेर यांच्याशी लग्न केलं. एस्टेला यांचं आजोळ लुना-ओतेरो घराण्यातलं, म्हणजे जमिनी आणि मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणारं. जमीनमालकांचं जग लिओपोल्डना घरातूनच कळत होतं. तरीही 1910 च्या दशकात त्यांनी गावोगावच्या शिकाऱ्यांना एकत्र करून शिकारसंरक्षण संघटना उभी केली, आणि 1919 मध्ये एक लेख लिहून शिकारीची शेती करू पाहणाऱ्यांवर कडक टीका केली. प्राणी पाळून, वाढवून, पैसेवाल्यांना मारायला विकायचे ही इंग्लंडची रीत आहे, अमेरिकेत शिकार लोकशाही पद्धतीची राहिली पाहिजे, असा त्यांचा रोख होता.

अकरा वर्षांनी, 1930 मध्ये, अमेरिकन गेम पॉलिसी या नावाने जे धोरण मांडलं गेलं त्या समितीचे लिओपोल्ड अध्यक्ष होते. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की जमीनमालक हा जनतेच्या प्राण्यांचा राखणदार आहे, आणि जमीन प्राण्यांना राहण्याजोगी ठेवल्याबद्दल त्याला मोबदला मिळाला पाहिजे. त्यांनी आधीचं मत सोडून दिलं असं मात्र नाही. या धोरणात प्राण्यांचे वर्ग पाडले होते. शेतातले तितर-ससे एका वर्गात, जंगल आणि चराऊ रानातली हरणं दुसऱ्यात, दुर्गम रानातले प्राणी तिसऱ्यात, स्थलांतर करणारे पक्षी चौथ्यात. शेतातल्या पाखरांना जगवायचं तर शेतकऱ्याला हाताशी धरावंच लागेल, पण मोठ्या रानातल्या मोठ्या प्राण्यांसाठी सार्वजनिक जमीन हाच आधार, अशी ती मांडणी होती. पुढच्या काळात राज्यांनी मोबदल्याची कल्पना उचलली आणि वर्ग विसरून टाकले. एल्कसारखा प्राणी, जो उन्हाळाभर सरकारी डोंगरात राहतो आणि हिवाळ्यात खाली खासगी कुरणात उतरतो, त्या मांडणीत नीट बसतच नव्हता.

हिवाळ्यात काय होतं ते पाहिलं तर रँचमालकाची बाजू कळते. डोंगरात बर्फ साचला की कळप दरीतल्या लसूणघासाच्या शेतात येतात. अंधार पडताना कुंपणाशी थांबतात. माद्या आधी उडी घेतात आणि त्यांचे मागचे पाय वरच्या तारेत अडकून तार खाली ओढली जाते. पिल्लं उडी मारत नाहीत, ती खालच्या दोन तारांमधून अंग रेटून घुसतात आणि खुंट हलवून ठेवतात. सकाळी शेत तुडवलेलं, गंज्या विस्कटलेल्या, आणि फर्लांगभर कुंपण पुन्हा ताणायचं असतं. रात्रीत रानडुकरांनी तूर-ज्वारीचा चुथडा केलेला विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तोही त्या प्राण्याचा मालक नाही आणि तोटा मात्र त्याचाच.

न्यू मेक्सिकोत हा राग कधी कधी फार वाईट वळणावर गेला. 1997 च्या एका कायद्याने, ज्याला तिथे जेनिंग्ज लॉ म्हणतात, नुकसान करणारे प्राणी ठरावीक परिस्थितीत मारण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला. 2008 मध्ये सिमारॉनजवळ एका शेतकऱ्याने गव्हात शिरलेल्या तीन डझनांहून जास्त प्राँगहॉर्न हरणांना गोळ्या घातल्या. अनेक जखमी जनावरं तिथेच तडफडत राहिली, आणि राज्यभर संताप उसळला. असे प्रसंग टाळायचे तर रँचमालकाला एल्क जिवंत असण्यात काही फायदा दिसला पाहिजे, हा विकाऊ टॅगच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे.

ही पद्धत चालते अशी. न्यू मेक्सिकोचं वन्यजीव खातं राज्याचे शिकारविभाग पाडतं आणि दरवर्षी कोणत्या विभागात किती एल्क मारता येतील ते ठरवतं. त्यातले काही परवाने सार्वजनिक सोडतीत जातात. उरलेले, एल्कच्या मुख्य पट्ट्यात जमीन असलेल्या आणि खात्याकडे नोंद केलेल्या मालकांना, जमिनीच्या आकारावर आणि ती एल्कच्या किती उपयोगाची आहे यावर वाटले जातात. मालकाच्या हाती परवाना येत नाही, अधिकारपत्र येतं. त्यावर एक क्रमांक असतो, विभाग लिहिलेला असतो, नर की मादी, बंदूक की धनुष्यबाण, तेही असतं. हे पत्र तो कोणालाही देऊ शकतो, विकू शकतो. घेणारा तो क्रमांक दाखवून खात्याकडून नेहमीच्या दरात परवाना काढतो, आणि परवान्याबरोबर टॅग मिळतो. एल्क पडला की टॅगवर त्या दिवसाची तारीख खाचून तो जनावराला लावायचा, नर असेल तर शिंगांना वेगळा. त्या टॅगशिवाय मांसाचा तुकडाही हलवता येत नाही.

खात्याला मिळतं ते ठरलेलं परवाना शुल्क. अधिकारपत्राची किंमत मालक आणि ग्राहक आपसात ठरवतात, त्यातला एक डॉलरही एल्क सांभाळणाऱ्या खात्याकडे येत नाही. मादीचं पत्र काहीशे डॉलरांत मिळू शकतं. नराचं पत्र काही हजारांत जातं. राज्याच्या नैऋत्येकडच्या गिला भागात, जिथे शिंगांचा पसारा प्रचंड असलेले नर मिळतात, आकडा दहा हजारांच्या आसपास आणि त्याच्याही पुढे जातो. मध्ये दलाल आणि शिकारवाटाडे यांचा एक वेगळाच धंदा उभा राहिला आहे. मालकाकडून पत्रं ठोक घ्यायची, राहण्या-जेवणाची, घोड्यांची, वाटाड्याची सोय जोडायची आणि टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाला विकायची.

इथे एक फरक नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. टेक्सासमध्येही शिकारीला पैसे पडतात, कदाचित जास्तच. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे आणि हंगामभर रँच भाड्याने घेण्याची चाल जुनी आहे. पण तिथला मालक विकतो ते आपल्या फाटकातून आत येऊ देणं. हरणाचा परवाना शिकाऱ्याला राज्याकडून सरसकट, स्वस्तात मिळतो. आपल्या जमिनीवर कोणाला येऊ द्यायचं हा मालकाचा हक्क कोणीही मान्य करील. न्यू मेक्सिकोत मालक फाटकासोबत परवानाही विकतो. मोजून काढलेले, दुर्मीळ, जनतेच्या वाट्यातून वजा केलेले परवाने. ज्याला टेक्सासची पद्धत पटते त्याला न्यू मेक्सिकोची पटलीच पाहिजे असं नाही.

अधिकारपत्रांचेही दोन प्रकार आहेत, आणि खरी मेख तिथे आहे. मालक ‘फक्त रँचपुरतं’ पत्र घेऊ शकतो. ते त्याच्या कुंपणाच्या आतच चालतं आणि इतरांना आत येण्याचा हक्क नसतो. किंवा तो ‘विभागभर’ चालणारं पत्र घेतो. मग घेणाऱ्याला त्या विभागातल्या सगळ्या सरकारी जमिनीवर शिकार करता येते, पण त्या बदल्यात मालकाला आपलं कुरणही त्या विभागातल्या सगळ्या परवानाधारकांना मोकळं करावं लागतं. कागदावर हा सौदा न्याय्य दिसतो. मात्र छोट्या तुकड्याच्या बाबतीत तो एकतर्फी पडतो. काही एकरांचा मालक आपलं वावर ‘उघडतो’, जिथे एल्क फिरकत नाही, आणि बदल्यात राष्ट्रीय वनाच्या लाखो एकरांत चालणारं पत्र बाजारात विकतो. अशा तुकड्यांची संख्या इतकी वाढली की खात्याने अलीकडच्या वर्षांत नियम बदलून कोणत्या जमिनीचा एल्कला खरोखर उपयोग होतो याची फेरतपासणी सुरू केली. हे पाऊल योग्य होतं आणि ते फार उशिरा उचललं गेलं.

सोडतीची गोष्ट वेगळी. न्यू मेक्सिकोत शेजारच्या अनेक राज्यांसारखी वर्षानुवर्षं गुण साठवत जायची सोय नाही. दरवर्षी सगळ्यांचं नाव नव्याने टोपलीत. 2011 च्या कायद्याने सोडतीतले 84 टक्के परवाने राज्याच्या रहिवाशांसाठी ठेवले, 10 टक्के वाटाड्या करून येणाऱ्यांसाठी आणि 6 टक्के बाहेरच्यांसाठी. हे ऐकून वाटतं की न्यू मेक्सिकोने आपल्या माणसांची चांगलीच काळजी घेतली. पण ही वाटणी सोडतीपुरतीच आहे. जमीनमालकांच्या पत्रांना ती लागूच नाही. त्यामुळे सहा टक्क्यांच्या दारातून आत येऊ न शकलेला बाहेरचा शिकारी शेजारच्या दारातून पैसे देऊन येतो, आणि विकल्या जाणाऱ्या पत्रांपैकी पुष्कळ पत्रं अशीच राज्याबाहेर जातात. रिओ आरिबा किंवा काट्रन परगण्यात राहणारा, वर्षभराचं मांस एका एल्कवर भागवू पाहणारा माणूस सोडतीत वर्षामागून वर्ष हरतो आणि आपल्याच विभागात परगावच्या गाड्या चढताना पाहतो. त्याला हा अन्याय वाटतो, आणि त्याचं वाटणं बरोबर आहे.

बाहेरच्याला जास्त शुल्क लावणं हा अन्याय आहे का, हा प्रश्न न्यायालयात गेला होता. 1976 च्या हंगामात मोंटानाचा रहिवासी 9 डॉलरमध्ये एल्कचा परवाना काढू शकत होता. बाहेरच्याला 225 डॉलरचा एकत्रित परवाना घेणं भाग होतं. 1978 मध्ये बाल्डविन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. हौसेची एल्क-शिकार हा काही मूलभूत हक्क नाही, आणि राज्य आपल्या लोकांना झुकतं माप देऊ शकतं, असं ठरलं. म्हणजे राज्याला आपल्या रहिवाशांची बाजू घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. न्यू मेक्सिकोने ती बाजू सोडतीत घेतली आणि खासगी टॅगमध्ये घेतली नाही, ही निवड राज्याची स्वतःची आहे.

उत्तर न्यू मेक्सिकोत या प्रश्नाला आणखी एक जुनी धार आहे. स्पेन आणि मेक्सिकोच्या काळात इथल्या गावांना जी इनामं मिळाली, त्यांत प्रत्येक कुटुंबाला घराची आणि वावराची जागा स्वतंत्र असे, पण डोंगर, कुरण, सरपण आणि पाणी गावाच्या सामाईक हक्काचं. 1848 मध्ये ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे आला आणि तहात मालमत्तेचे हक्क जपण्याचं वचन होतं. मॅक्सवेल ग्रँटच्या बाबतीत ते वचन बड्या मालकांच्या कामी आलं. 1887 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सतरा लाख एकरांची हद्द कायम केली, आणि त्यावर घरं बांधून राहिलेल्या कित्येक कुटुंबांना निघावं लागलं. गावांच्या सामाईक जमिनींबाबत निकाल उलटा लागला. 1897 च्या सांदोवाल खटल्यात ठरलं की गायरान सार्वभौम सत्तेचं होतं, म्हणून ते आता अमेरिकन सरकारचं. सान मिगेल देल बादो या इनामात तीन लाखांहून जास्त एकरांपैकी जेमतेम पाच हजार एकर गावकऱ्यांकडे राहिले. पुढे अशा कितीतरी जमिनी राष्ट्रीय वनं झाल्या किंवा रँचवाल्यांकडे गेल्या. 1967 च्या जूनमध्ये इनामी जमिनी परत मागणाऱ्या चळवळीचे नेते रेयेस लोपेस तिहेरिना यांच्या माणसांनी तिएरा आमारियाच्या न्यायालयावर सशस्त्र हल्ला केला तो याच रागातून.

आता असा विचार करावा: ज्या गावाचं कुरण पणजोबाच्या काळात हातचं गेलं, त्या गावातल्या माणसाकडे टॅग मिळण्याइतकी जमीन नाही. टॅग जमिनीच्या मापाने मिळतो, आणि जमीन कोणाकडे किती हे त्या निकालांनी ठरवलं. विकाऊ टॅगची पद्धत आखणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, पण एकोणिसाव्या शतकातल्या जमिनीच्या वाटपावर एकविसाव्या शतकातलं उत्पन्न चढवलं गेलं हे खरं आहे.

मेस्कालेरो अपाची जमातीचं उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. दक्षिण न्यू मेक्सिकोतल्या त्यांच्या राखीव प्रदेशात एल्क जवळपास नामशेष झाले होते. 1966 नंतर जमातीने केंद्र सरकारच्या मदतीने कळप पुन्हा वाढवला आणि 1977 पर्यंत तो बाराशेच्या घरात गेला. बाहेरच्या शिकाऱ्यांकडून जमात भरपूर शुल्क घेत होती. राज्य सरकारने आपले नियम आणि परवाने तिथेही लागू करायचा आग्रह धरला. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जमातीच्या बाजूने निकाल दिला. तिथेही शिकार महाग आहे आणि गिऱ्हाईक बाहेरचंच आहे. पण पैसा जातो तो जमातीच्या सामाईक तिजोरीत, आणि त्यातून कळपाचीही निगा राखली जाते. पैसे घेऊन शिकार करू देणं यात मुळातच काही वावगं आहे असं म्हणणाऱ्यांनी मेस्कालेरोकडे पाहावं.

इतर राज्यांनी हा गुंता वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला. कोलोरॅडोने 1985 मध्ये रँचिंग फॉर वाइल्डलाइफ ही योजना काढली. किमान 12,000 एकरांच्या रँचला लांब हंगाम आणि विकायला परवाने मिळाले, आणि बदल्यात काही शिकारी सार्वजनिक सोडतीतून फुकट आत घ्यावे लागले. नेवाडात शेतात पन्नास हरणं मोजली गेली तर एक टॅग, असा साधा हिशेब ठेवला. म्हणजे टॅग जमिनीच्या मापाने नाही, प्रत्यक्ष उपद्रवाच्या मापाने. वायोमिंगच्या जमीनमालकाला स्वतःसाठी परवाना मिळतो, तो विकता येत नाही. शिवाय हरणाच्या परवान्याला एक कूपन जोडलेलं असतं. ज्याच्या जमिनीवर हरीण पडेल त्याला शिकारी ते देतो आणि मालक खात्याकडून ठरलेली छोटी रक्कम घेतो. तिथे टॅग विकाऊ करायचे प्रस्ताव विधिमंडळात पुन्हा पुन्हा आले आणि पडले. मोंटानात 2010 च्या मतदानात लोकांनी वाटाड्यांच्या ग्राहकांसाठी राखीव ठेवलेले परवाने रद्दच करून टाकले. त्याऐवजी तिथे 1985 पासून चालत आलेल्या ब्लॉक मॅनेजमेंट योजनेतून, शिकाऱ्यांना आत येऊ देणाऱ्या मालकाला खातं पैसे देतं.

मोंटानाचा मार्ग जास्त सरळ आहे. तिथे मालकाला मोबदला मिळतो तो जनतेला दार उघडल्याबद्दल. न्यू मेक्सिकोत ‘फक्त रँचपुरत्या’ पत्रावर तो मिळतो दार बंद ठेवूनही. पण मोंटानात दार उघडायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर आहे, आणि बडे नवे मालक, ज्यांना खात्याच्या पैशांची गरज नाही, ते उघडत नाहीत. वायोमिंगमधला अलीकडचा खटला हेच दाखवतो. 1862 च्या रेल्वे कायद्याने रुळांच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैलाचे तुकडे आळीपाळीने रेल्वे कंपनीला आणि सरकारला दिले. बुद्धिबळाच्या पटासारखी ती वाटणी आजही कायम आहे, आणि सरकारी चौकोनांत जायचं तर कोपऱ्यावरून पाऊल टाकावं लागतं. 2021 मध्ये चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनवर कोपऱ्यावर शिडी ठेवून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकलं. रँचमालकाने दावा लावला. 2025 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो तसाच राहू दिला. सरकारी जमीन कुलूपबंद करून तिथल्या एल्कची शिकार आपल्या ग्राहकांपुरती ठेवणं हे त्यामुळे त्या भागात तरी अवघड झालं.

लिओपोल्डनी उभ्या केलेल्या संघटनेची वारसदार म्हणजे आजचं न्यू मेक्सिको वाइल्डलाइफ फेडरेशन, आणि विकाऊ टॅगच्या पद्धतीवर सर्वांत मोठ्याने तीच बोलते. तिच्या विरोधात उभे असलेले रँचमालक 1930 च्या लिओपोल्डचाच आधार घेतात. दोघांनाही आपली जागा आहे, कारण एल्कला खाली दरीत गवत लागतं आणि वर डोंगरात मोकळीक. वर्मेहोसारख्या ठिकाणी प्राण्यांची निगा फार चांगली राखली जाते, आणि ती रँच तुकडे पाडून बंगल्यांना विकली गेली असती तर एल्कचं फार मोठं नुकसान झालं असतं. मालकाला मोबदला नको असं म्हणणं त्यामुळे अविचाराचं ठरेल. प्रश्न मोबदला जनतेच्या मोजक्या परवान्यांतूनच का द्यायचा, हा आहे. नुकसान रोख भरता येतं, कुंपण खात्याच्या खर्चाने उंच करता येतं, उपद्रवाच्या मोजणीवर थोडे टॅग देता येतात. आणि द्यायचेच असतील तर 2011 च्या कायद्यातली 84, 10 आणि 6 टक्क्यांची वाटणी खासगी पत्रांना धरून एकूण एल्कवर लावता येते. ती वाटणी विधिमंडळाने कायद्यातच लिहिलेली आहे, आणि ती बदलायला दुसरा एक कायदा पुरेसा आहे.